काशी आजारी आहे की नुसती पिसं टाकतेय?

इंदुरातल्या सुदामा नगरच्या एका ताईंकडे काशी नावाची देशी कोंबडी आहे, वय दोन वर्षं. सासूबाईंनी ती देवासजवळच्या गावाहून पिल्लू असताना आणली. अनंत चतुर्दशीच्या सुमारास तिची पिसं झडायला लागली आणि आता मान आणि शेपटी जवळजवळ उघडी पडली आहे. तीन आठवडे अंडं नाही, तुरा फिका पडलाय, दिवसभर जिन्याखालच्या कोपऱ्यात बसते, उचलायला गेलं की किंचाळते. खाणंही कमी झालंय असं त्यांना वाटतं. गहू, भात, पोळीचे तुकडे आणि सकाळी पोह्यांवरची थोडी शेव असं तिचं खाणं. थंडी वाजेल म्हणून सासूबाईंनी तिला लोकरीचं झबलं विणून घातलंय, आणि दाण्याच्या दुकानदाराने पाण्यात टाकायला अँटिबायोटिकची पुडी दिली आहे. ताईंना विचारायचंय की ही आजारी आहे की नुसती पिसं टाकतेय, पुडी द्यायची का, आणि ती पुन्हा अंडी देईल का.

ताई, पुडी देऊ नका आणि झबलं आजच काढा. कारणं पुढे सांगतो, पण त्याआधी तुमच्या एका वाक्यापाशी थांबतो. खाणं कमी झालंय असं वाटतं, हे तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय. मी तुमच्या घरी आलो असतो तर पहिली चौकशी त्याचीच केली असती. उघडी मान, फिका तुरा, बंद झालेली अंडी, कोपरा धरून बसणं, हात लावू न देणं, हे सगळं पिसं टाकणाऱ्या धडधाकट कोंबडीतही दिसतं. भूक मात्र जात नाही. सुरुवातीचे चार-सहा दिवस ती जरा मंदावेल, पण पुढे ती खायला मागतेच, कारण तिला अख्खं अंग नव्याने झाकायचं असतं. तेव्हा आधी मोजून बघा. सकाळी 150 ग्रॅम दाणा वजन करून ठेवा, खारी आणि चिमण्या पोचणार नाहीत अशा जागी, आणि अंधार पडल्यावर उरलेला पुन्हा वजन करा. काशीच्या अंगाची देशी कोंबडी दिवसाला साधारण 80 ते 110 ग्रॅम खाते. तीन दिवसांचे आकडे लिहून ठेवा. 70-80च्या खाली उतरत नसेल तर तुमची निम्मी काळजी मिटली. 40-50वर आली असेल तर ती पिसांमुळे नाही, दुसऱ्या कशाने तरी आजारी आहे असं धरूनच पुढचं वाचा.

ही पिसगळ आत्ताच का, तर दिवस लहान होत चाललेत म्हणून. इंदुरात जूनमध्ये साडेतेरा तासांचा असलेला दिवस डिसेंबरात पावणेअकरा तासांवर येतो. उजेड कमी होतोय हे कोंबडीच्या मेंदूला कळतं, अंड्यांचं काम थांबतं आणि शरीर थंडीआधी पिसं बदलायला घेतं. साधारण दीड वर्षाची झाल्यावर पहिल्यांदा असं होतं, मग दर वर्षी. अंडाशय आक्रसतं, त्याबरोबर तुराही आक्रसतो आणि फिका पडतो. सुरुवातीला एखाददुसरं पातळ कवचाचं अंडं पडून मग अंडी बंद होतात, हेही नेहमीचंच.

किंचाळण्याचं कारण मात्र नीट समजून घ्या, कारण झबलं काढायला मी त्यासाठीच सांगितलं. दिवसाउजेडी काशीच्या मानेकडे जवळून बघा. कातडीतून निळसर-करड्या सळ्या वर आलेल्या दिसतील, बारक्या खिळ्यांसारख्या, प्रत्येकीवर पांढुरकं मेणासारखं वेष्टण. ते पिसांचे कोंब. पूर्ण वाढलेलं पीस आपल्या नखासारखं, कापलं तरी दुखत नाही. कोंबात मात्र रक्त वाहतं असतं आणि त्याच्या बुडाशी कातडी हुळहुळी झालेली असते. झबल्याची लोकर त्या सळ्यांवर दिवसरात्र घासते, कोंब वाकतात, मोडतात. मोडलेला कोंब बऱ्यापैकी रक्त गाळतो. तसं झालं तर चिमूटभर हळद किंवा कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ फडक्याने दोन-तीन मिनिटं दाबून धरा, रक्त थांबतं. सासूबाईंना सांगा, त्यांची माया बरोबर आहे. ऊब तिच्या अंगावर नको, खुराड्यात हवी. तेही पुढे सांगतो.

पिसं झडायला एक क्रम असतो: डोकं, मान, मग छाती-पाठ, मग पंख, शेपटी. देशी कोंबड्या हे सावकाश करतात, दोन-तीन महिने सहज लागतात, काहींना चारही. किती झालं आणि किती उरलं हे पंखावरून मोजता येतं. एकदाच मोजा, रात्री ती दांड्यावर झोपेत असताना. टॉवेलात अलगद धरून एक पंख पसरा. मध्यावर एक आखूड पीस दिसेल, त्याच्या बाहेरच्या बाजूला टोकापर्यंत दहा मोठी पिसं. ती आतून बाहेर एकेक बदलत जातात. पहिलं पूर्ण वाढायला सहा आठवडे लागतात. एकेक करून पिसं टाकणारी कोंबडी असेल तर त्यापुढच्या प्रत्येकाचे आणखी दोन धरा. दोन-दोन, तीन-तीन एकदम टाकणारी लवकर मोकळी होते. उशिरा सुरू करून झपाट्याने आटपणारी कोंबडी चांगली अंडी देणारी असते, हे जुन्या पाळणाऱ्यांना पंख बघूनच कळायचं.

उघड्या जागी कोंबच दिसत नसतील तर मात्र ती वेगळी गोष्ट. पाठीवर दोन बाजूंना टक्कल आणि घरात कोंबडा असेल, तर ते त्याच्या नख्यांचं काम. बुंधे शिल्लक आणि टोकं तुटलेली दिसली, तर दुसरी कोंबडी टोचतेय. शेपटीखाली पिसांच्या बुडाशी साखरेच्या दाण्यांसारखे पांढरे गठ्ठे चिकटलेले असतील, तर त्या उवांच्या लिखा.

आता तीस-एक वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो, कारण ती आठवल्याशिवाय मी आजही कुठलीच पिसं टाकणारी कोंबडी तपासत नाही. जुन्या इंदुरातल्या एका वाड्यात मला बोलावलं होतं. ऑक्टोबरचेच दिवस. कोंबडीची मान उघडी, तुरा फिका, मलूल. मी उभ्या उभ्या पाहिलं, पिसं टाकतेय म्हणालो, अंडं उकडून घाला म्हणालो आणि निघालो. पाय जरा लटपटतात असं घरातल्या आजी म्हणाल्या होत्या, मी ते अशक्तपणावर ढकललं. तिसऱ्या दिवशी कोंबडी गेली. त्या रात्री मी पुन्हा गेलो. टॉर्च मारून खुराड्यामागच्या मातीच्या भिंतीच्या भेगेतून सुरीचं पातं ओढलं, तर पात्याला रक्त लागलं. भेगेत गोचिडी खच्चून भरल्या होत्या. कोंबडीची गोचीड दिवसा भेगेत दडते, रात्री तास-अर्धा तास अंगावर चढून रक्त पिते आणि परत जाते. तिची पिल्लं मात्र पंखाखाली काही दिवस चिकटून राहतात. दिवसा कोंबडीकडे बघणाऱ्याला मोठी गोचीड दिसतच नाही. रक्त तर जातंच, शिवाय एक जीवघेणा ताप ती एका कोंबडीतून दुसरीत नेते, आणि पायांतली ताकद जाते. मी पंख उचलून पाहिला असता तर तेव्हाच कळलं असतं. पिसगळीचं निमित्त मिळालं की सगळं त्याच्याच खात्यावर टाकायचा मोह होतो. त्या दिवशी मला तो झाला, आणि एका जिवाची भरपाई मला करता आली नाही.

म्हणून काशीच्या जिन्याखालच्या कोपऱ्यात आणि ती रात्री बसते तिथे अंधार झाल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन बघा. दांड्याच्या सांध्यात, फळीच्या खालच्या अंगाला, भिंतीच्या चिरांत. पांढरा कागद दांड्याखाली ठेवून दांडा ठोकला आणि लालसर ठिपके चालताना दिसले, तर ते रात्री रक्त पिणारे बारीक किडे. दोन्ही बाबतीत कोंबडीपेक्षा घर स्वच्छ करणं महत्त्वाचं: सामान बाहेर काढून उन्हात, भेगा बुजवून वर चुना, लाकूड कुजकं असेल तर जाळून नवं. गोचीड उपाशीपोटी वर्षभराहून जास्त जगते, त्यामुळे खुराडं नुसतं महिनाभर रिकामं ठेवून भागत नाही. अंगावरचं औषध डॉक्टरांना विचारून. कोवळ्या कोंबांवर बाजारातली कीटकनाशक पावडर चोळू नका.

तपासायच्या आणखी काही जागा आहेत. छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असावं. सुरीच्या धारेसारखं हाड लागत असेल तर ती बरेच दिवस झिजते आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर खोका ठेवून आठवड्यातून एकदा, सकाळी दाण्याआधी, वजन करा. थोडं घटेल. दोन आठवड्यांत दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर थांबू नका. गळ्याखालची दाण्याची पिशवी संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी हवी. सकाळीही ती मळलेल्या कणकेसारखी किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लागली आणि तोंडाला आंबूस वास आला तर अन्न पुढे सरकत नाहीये. अशा वेळी कोंबडीला उलटं धरून ओकवायचा सल्ला पुष्कळ जण देतात, तो ऐकू नका. ते पाणी श्वासनलिकेत गेलं की तिथल्या तिथे मरते.

शीट बघायची सवय लावून घ्या. तपकिरी गोळी आणि वर पांढरी टोपी, हे निरोगी. दिवसातून एक-दोनदा चिकट, चॉकलेटी, घाण वासाची पडते, तीही निरोगीच. तिला हगवण समजून लोक उगाच औषध देतात. गडद हिरवी आणि पातळ पडत असेल तर पोटात दाणा नाही, नुसतं पित्त उतरतंय. रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

हे वाचणाऱ्या कुणाकडे झाबुआचा कडकनाथ असेल तर एक सूचना. 2018मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून इंदुरात घरोघरी दोन-चार दिसायला लागलेत. त्याचा तुरा, तोंड, कातडी सगळंच काळपट, त्यामुळे फिकेपणा पाहून काही ठरवता येत नाही. तिथे वजन, शीट आणि गळ्याखालची पिशवी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

आता खाणं. काशी अडखळली असेल तर ती इथेच, असा माझा अंदाज आहे. पीस म्हणजे जवळपास सगळं प्रथिनच, शेकडा 85 भाग. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगावर 75 ते 100 ग्रॅम पिसं असतात. एका अंड्यात सहा-एक ग्रॅम प्रथिन असतं, म्हणजे डझनभर अंड्यांचं प्रथिन तिला दोन-तीन महिन्यांत नुसत्या पिसांवर खर्चायचंय, रोजच्या शरीराच्या गरजेवर आणखी. आणि तिच्या ताटात काय आहे? गहू 11-12 टक्के, भाताचा तांदूळ सातच्या आसपास, पोळी गव्हाचीच. पोट भरतं, पीस उगवत नाही. मग कोंबडी जमिनीवर पडलेली पिसं खायला लागते. तसं करताना दिसली तर तिला प्रथिन कमी पडतंय हे पक्कं.

शेव पूर्ण बंद करा. इंदुरात हे मला फार वेळा सांगावं लागतं. कोंबडीला मीठ सोसत नाही. शेव, नमकीन, फरसाण, लोणच्याचा खार लागलेली पोळी, यातलं काही नको. त्याऐवजी एक दिवसाआड अर्धं उकडलेलं अंडं कुस्करून द्या. अंड्यातलं प्रथिन पिसांसाठी सगळ्यात सोयीचं, कारण पिसांना गंधक असलेली अमिनो आम्लं लागतात आणि ती त्यात भरपूर असतात. आपलंच अंडं तिला कसं घालायचं असं सासूबाईंना वाटेल, पण उकडून कुस्करलेल्या अंड्यामुळे कोंबडीला अंडी फोडायची खोड लागत नाही.

माळव्यात प्रत्येक घराच्या ओळखीत सोयाबीन पिकवणारा कुणी ना कुणी असतोच, आणि प्रथिन म्हटलं की लोक मूठभर कच्चं सोयाबीन कोंबडीपुढे टाकतात. कच्चं देऊ नका. त्यात प्रथिन पचू न देणारा घटक असतो. खाऊनही कोंबडी उपाशी राहते आणि स्वादुपिंडावर ताण येतो. रात्रभर भिजवून अर्धा तास उकडा किंवा कढईत कच्चा वास जाईपर्यंत भाजून भरडा, मग तो घटक निष्प्रभ होतो. दिवसाला चमचाभर भरड पुरे. सोयाबीनमध्ये गंधकाचं अमिनो आम्ल जरा उणं असतं, तिळात ते चांगलं असतं, म्हणून वर अर्धा चमचा तीळ. सियागंज बाजारातून सुकट आणून घालणारेही आहेत. आणलीत तर दोन पाण्यांतून धुऊन मीठ काढा.

हे रोज जमणार नसेल तर दाण्याच्या दुकानातून ब्रॉयलरचं फिनिशर खाद्य (मांसाच्या कोंबड्यांना शेवटच्या टप्प्यात देतात ते) आणा, त्यात 18 ते 20 टक्के प्रथिन असतं, आणि तिच्या नेहमीच्या दाण्यात निम्मं निम्मं मिसळा. लेअरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, खाद्य आत्ता नको. त्यात अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम जास्त घातलेलं असतं, आणि अंडी बंद असताना ते सगळं मूत्रपिंडांना बाहेर टाकावं लागतं.

पावसाळ्यानंतरच्या दिवसांत धान्याच्या डब्यात हात घालून बघा. ओलसर, कुबट वासाचा गहू किंवा मका, काळे पडलेले शेंगदाणे, हे आपल्याला नको म्हणून कोंबडीला घातले जातात. बुरशीचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं. भूक मंदावते, कोंबडी फिकी आणि मलूल होते, आणि सगळे म्हणतात पिसं टाकतेय. तुमच्याकडे खाणं खरंच कमी झालं असेल तर मी सगळ्यात आधी हा डबा तपासेन.

पुडीबद्दल. अँटिबायोटिक पिसं उगवत नाही. जंतूंचा आजार असेलच तर कुठला जंतू, किती दिवस, किती मात्रा हे ठरल्याशिवाय पाण्यात टाकलेली चिमूट आजार दाबते आणि डॉक्टरकडे पोचेपर्यंत लक्षणं गडबडतात. शिवाय औषध दिलेल्या कोंबडीची अंडी ठरावीक दिवस खायची नसतात, हे दुकानदार सांगत नाही. जंताच्या औषधाचंही असंच: अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल यांनी कोंब फुटत असताना पिसं वेडीवाकडी येऊ शकतात. जंत असतील तर शीट तपासून, डॉक्टरांनी सांगितलेलंच औषध. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकली असेल तर तीही आत्ता घाईने देऊ नका, काशी सावरली की द्या.

ऊब. कोंबडीच्या शरीराचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं आणि ते राखायला तिला पिसांची दुलई लागते, जी सध्या नाही. माळव्याच्या रात्री कोजागिरीनंतर झपाट्याने गारठतात. खुराड्याच्या तीन बाजूंना गोणपाट बांधा, वरून हवा खेळती ठेवा, खाली चार बोटं कोरडा भुसा. जिन्याखाली थेट फरशीवर बसत असेल तर फरशी तिची ऊब ओढून घेते. जमिनीपासून हातभर उंच दांडा द्या. रात्रभर बल्ब लावू नका. अंधार तिला हवाच आहे. दिवाळीत गच्चीवरच्या माळा तिच्या कोपऱ्यात उजेड पाडणार नाहीत आणि फटाक्यांच्या वेळी ती आतल्या खोलीत असेल एवढं बघा. या दिवसांत घाबरलेली कोंबडी दांड्यावरून धडपडते आणि कोंब मोडून घेते. दुपारी उन्हात बसू द्या. राख आणि कोरडी माती एका घमेल्यात ठेवा, तिची तीच अंघोळ करेल. आणि मुलांना सांगा, महिनाभर मांडीवर घ्यायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं.

डॉक्टरकडे कधी, तर यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी: चोवीस तास दाण्याला तोंड नाही, चोच उघडी ठेवून श्वास किंवा प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर, मान मुरगळलेली, पाय लटके, पोट फुगून पेंग्विनसारखी उभी राहणं, डोळ्यांत फेस, रक्ताची शीट. सरकारी पशुचिकित्सालयात किंवा कोंबड्या बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. तिथे उलगडा झाला नाही तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेण्याइतकं अंतर काही जास्त नाही. सोबत ताज्या शीटेचा नमुना डबीत आणि तुमचे तीन दिवसांचे आकडे न्या. आणखी एक. डिसेंबर 2020मध्ये डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला होता. म्हणून आसपास कावळे मेलेले दिसले, किंवा घरातल्या दोन-तीन कोंबड्या एका दिवसात गेल्या, तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका. आधी पशुपालन विभागाला कळवा.

तुमचा शेवटचा प्रश्न, अंडी. दोन वर्षांची कोंबडी म्हातारी नाही, काशी अंडी देईल. नव्या पिसांवर आधी चकाकी येईल, मग तुरा पुन्हा भरेल आणि लाल होईल. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून दिवस मोठा व्हायला लागतो. घरात तिळगूळ होईल तेव्हा तुऱ्याकडे रोज बघत जा. लाल दिसला की शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, दाण्यात मिसळू नका, लागेल तेवढा ती स्वतः घेईल. तोपर्यंत तीन दिवसांचे दाण्याचे आकडे आणि रात्री टॉर्चने काय दिसलं, तेवढं मला कळवा.